तीन वेढे शिल्लक

सकाळी ७:१०

कोथरूडमधली गल्ली. दोन्ही बाजूंना ऐंशीच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या. त्यांतली एक पाडून झाली आहे. तिच्या जागी निळे पत्रे आणि पत्र्यांच्या आत खड्डा. खोली साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट. दोन मजली तळघर होणार, सगळं पार्किंगसाठी.

मेचा शेवटचा आठवडा आहे. पाऊस लागायच्या आत तळाचा राफ्ट पडला पाहिजे, नाहीतर खड्ड्याचं तळं होईल. साइटवरचा प्रत्येक माणूस दिवसातून दोन-तीनदा आभाळाकडे बघतो.

परवा रात्री मोठ्या क्रेनने पोकलेन उचलून बाहेर काढलं. ज्या रॅम्पवरून ते आत उतरलं होतं, तो रॅम्प त्यानेच जाता जाता खणून टाकला. आता खड्ड्यात उतरायला रस्ता नाही. खाली जाईल ते शिडीने किंवा दोराने. वर येईल तेही तसंच.

हा दोर ज्यांच्या हातात असतो त्यांना सगळे मामा म्हणतात. वय पंचावन्नच्या आसपास, गाव धाराशिव जिल्ह्यात. तरुणपणी विहिरी खोदायच्या यारीवर होते. आता पुण्यात मिनी क्रेन चालवतात. रोज ९०० रुपये. बसभाडं त्यांचं त्यांनीच भरायचं.

७:३५

क्रेन खड्ड्याच्या काठापासून हातभर मागे उभी आहे. खाली जाड लाकडी फळ्या, त्यावर चार पायांचा लोखंडी सांगाडा. त्यात एक खांब, खांबावर गोल फिरणारा हात, हाताच्या टोकाला कप्पी. मागे पाच हॉर्सपॉवरची मोटर आणि ड्रम. ड्रमवर आठ मिलिमीटरचा वायररोप. बोल्ट काढले की सगळ्याचे पाच-सहा तुकडे होतात आणि एका टेम्पोत मावतात. भाडं महिन्याला नऊ हजार, टेम्पोचे वेगळे.

मामा आधी मोटरला हात लावत नाहीत. खिशातून जुन्या बनियनचा तुकडा काढतात, दोर त्यात धरतात आणि हळूहळू सरकवत जातात. तुटलेली तार असेल तर कापडाचा धागा अडकतो. नुसत्या डोळ्यांना ती तार दिसेलच असं नाही, आणि उघड्या हाताने चाचपलं तर बोटात घुसते. आज एका जागी धागा अडकला. मामा थांबले, तिथे खडूची खूण केली, पुढे गेले. एक तार तुटली म्हणून दोर टाकून देत नाहीत. पण एका पिळ्यात अशा किती आहेत हे मोजावं लागतं.

मग हुकाजवळचे क्लॅम्प. दोर हुकाच्या कडीतून वळवून तीन क्लॅम्पनी आवळलेला असतो. भार घेतो तो दोर जिवंत, उरलेलं टोक मेलेलं. क्लॅम्पचा सपाट खोबणीचा भाग जिवंत दोरावर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट मेलेल्या टोकावर. उलटं बसवलं तर यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चावतो. मामांनी तिन्ही नट पान्ह्याने तपासले. एक पाव फेरा फिरला.

शेवटी वीज. रिकामा हुक वरपर्यंत नेला. लिमिट स्विच लागला, मोटर आपोआप थांबली. हा स्विच बिघडला तर हुक कप्पीवर जाऊन आदळतो आणि दोर तुटतो. नंतर भरलेली बकेट जमिनीपासून वीतभर उचलून तशीच धरली. ब्रेक सरकतो का, बघितलं. सरकला नाही.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. सुपरवायझर साहेब दोनदा येऊन घड्याळ बघून गेले.

८:१०

माणसं खाली उतरतात. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाइप जोडून उभा केलेला जिना आहे, मध्ये एक टप्पा. त्याच्या शेवटच्या आठ फुटांना मात्र शिडी. शिडीचं गणित सोपं आहे: चार फूट उंचीला पाय एक फूट पुढे. याहून उभी लावली तर माणूस मागे पडतो, जास्त आडवी लावली तर पाय घसरतो. वरचं टोक टप्प्याच्या तीन फूट वर आलेलं आणि तारेने बांधलेलं, म्हणजे चढून आल्यावर धरायला काही उरतं.

उतरताना हातात काहीच घ्यायचं नाही. डबे, पाणी, ब्रेकर, पहारी, सगळं बकेटमधून. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, एवढे कायम टेकलेले हवेत. खालच्या टोळीचे म्होरके आण्णा नांदेडकडचे. ते शिडीच्या पायाशी उभे राहतात आणि एक माणूस पूर्ण उतरल्याशिवाय दुसऱ्याला पाय ठेवू देत नाहीत.

आज खाली आण्णांशिवाय सहा जण. दोघे मालद्याचे, ते इलेक्ट्रिक ब्रेकर चालवतात, रोज ८५०. चौघे बिगारी, ६५०. वर मामा, एक पोरगा आणि दोन बायका. बायकांना ५००.

८:४०

काम सुरू. जिथे रॅम्प होता तिथला कठीण मुरूम आणि त्याखालचा काळा दगड अजून लेव्हलला यायचाय. शेजारी माणसं राहतात, इथे सुरुंग लावता येत नाही. ब्रेकरने फोडायचं, फावड्याने घमेल्यात, घमेल्यातून बकेटमध्ये. दहा-बारा घमेली पडली की बकेट भरते. बकेट शंभर लिटरची. भरलेली, तिच्या स्वतःच्या वजनासकट, दोनशे किलोच्या आत-बाहेर.

आण्णा हात वर करून बोट फिरवतात आणि ओरडतात, "हाबेस!" मामा बटण दाबतात. बकेट उठते, फुटभर वर थांबते. झोका थांबेपर्यंत मामा वाट बघतात. मग ती वर येते, अर्ध्या मिनिटात. पोरगा हात फिरवून तिला काठाच्या आत घेतो, ओतून देतो. "आरिया!" आणि रिकामी बकेट खाली.

बकेट चढत असताना तिच्याखाली कुणी नसतं. चौघे बिगारी त्या वेळी भिंतीकडे सरकतात आणि पाठ टेकून उभे राहतात. दर बकेटला तेवढीच विश्रांती.

अशा २८ बकेटा वर आल्या की एक ब्रास राडारोडा होतो. मामा हिशेब खडूने खांबावर मांडतात, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. मशिनवर पाटी ५०० किलोची आहे. मामा ३०० च्या वर जात नाहीत. नव्या आठ मिलिमीटरच्या दोराची तुटायची ताकद तीन टनांहून जास्त असते, मग एवढं कमी का, असं मी विचारलं.

"दोर उभ्या भारानं न्हाई तुटत," मामा म्हणाले. "झटक्यानं तुटतो. आन् रोज त्याच कप्पीवरनं वाकून वाकून म्हातारा होतो."

१०:०५

आज लिफ्टचा खड्डा काढायचा आहे. लिफ्ट सगळ्यात खालच्या मजल्यावर थांबते तेव्हा तिच्याखाली जागा लागते, म्हणून तळापासून आणखी पाच फूट. बकेट थेट त्या खड्ड्यात सोडा, असं साहेबांनी सांगितलं. घमेली वाहायला नकोत, वेळ वाचेल.

मामा ड्रमपाशी गेले आणि वेढे मोजले. बकेट तळाला टेकलेली असताना ड्रमवर चार वेढे उरतात. एका वेढ्याला साधारण दीड फूट दोर. पाच फूट खाली जायचं तर तीन वेढ्यांहून जास्त सुटणार. म्हणजे एकही धड शिल्लक राहणार नाही. सगळा भार दोराच्या त्या टोकावर येणार, जे ड्रमला एका बोल्टने धरलेलं आहे. ड्रमवर कमीत कमी तीन वेढे राहिले पाहिजेत. त्या वेढ्यांच्या घर्षणावर भार तोललेला असतो, बोल्टवर नाही.

दोर आधी पुरेसा होता. मागच्या साइटवर टोकाकडचा पिळा सुटला, तेवढा भाग कापला. प्रत्येक वेळी असंच होतं. दोर टोकाकडून म्हातारा होत जातो आणि आखूड होत जातो.

"साहेब, दोर पुरत न्हाई."

"एक दिवसाचा प्रश्न आहे हो मामा. भार कमी घ्या."

"भार कमी घेऊन वेढा वाढत न्हाई, साहेब."

साहेब तरुण आहेत, वाईट नाहीत. त्यांच्या फोनवर राफ्टची तारीख विचारणारे तीन मेसेज आलेले मी पाहिले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुकादमाला फोन लावला, भवानी पेठेतून तीस मीटर दोर आणायला सांगितला. मीटरला ७० रुपये, २,१०० झाले. संध्याकाळपर्यंत येईल. तोवर लिफ्टच्या खड्ड्याचं काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं.

मामांनी बटणाची पेटी खाली ठेवली नव्हती. ठरल्यावरच ठेवली.

१०:३०

चहा. पत्र्याबाहेरच्या टपरीवरून किटली येते, कप दहा रुपये. मुकादम एका कपाचे देतो, दुसरा ज्याचा त्याने. खालच्यांचा चहा किटलीसकट बकेटमधून जातो, आणि या एका फेरीला मामा नेहमीपेक्षा हळू बटण सोडतात.

वरच्या दोघींपैकी थोरल्या ताई यवतमाळच्या. त्यांना बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची आहे. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्यांचे दिवस त्याहून कितीतरी जास्त भरलेत, पण तीन मुकादमांकडे वाटलेले. सही कोण करणार? त्या या मुकादमाला दर शनिवारी विचारतात. तो बघू म्हणतो.

११:००

लिफ्टच्या खड्ड्यावर आता तिपाई उभी आहे. तीन लोखंडी पाइप, वरून एका पिनने जोडलेले. पाय पसरू नयेत म्हणून खालून साखळी. मध्ये एक टनाची चेनकुप्पी टांगलेली. हे सगळं दोन माणसांनी पंधरा मिनिटांत उभं केलं. पायांखाली दगडात छोट्या खोबणी मारल्या, कारण ओल्या दगडावर लोखंड सरकतं.

बारीक माल हातोहात. खड्ड्यात मध्यावर दगडाचीच एक पायरी ठेवली आहे. खालचा माणूस घमेलं पायरीवर देतो, पायरीवरचा वर, वरचा बकेटमध्ये. घमेल्यात न मावणाऱ्या धोंड्यांसाठी चेनकुप्पी.

एक मोठा धोंडा सुटला. आण्णांनी विती लावून मोजला. काळ्या दगडाचं वजन एका घनफुटाला ऐंशी किलोच्या वर भरतं, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. हा पावणेतीन घनफूट, म्हणजे सव्वादोनशे किलो. पट्टा दोनदा फिरवला, हूक लावला. मालद्याचा एकजण हातसाखळी ओढायला लागला. खळखळ खळखळ. तो दोन्ही हातांनी ओढतोय, कोपरापर्यंत घाम, आणि धोंडा बोटभर उठतो. चेनकुप्पीचं काम असंच आहे. जेवढा जोर वाचवते तेवढी साखळी ओढून घेते. पण मध्ये हात सोडला तरी धोंडा तिथेच राहतो, हे तिचं मोल.

पाच फूट वर यायला बराच वेळ गेला. धोंड्याखाली कुणी वाकलं नाही. खड्ड्याच्या बाजूला लाल मातीची एक पट्टी उघडी पडली, वीतभर जाड. लाव्हाच्या दोन थरांमधली. तिच्यातून पाणी झिरपतंय. थेंब थेंब नाही, बारीक धार. आण्णांनी ती बघितली आणि काही न बोलता चिखलपंपाचा पाइप तिकडे ओढून घेतला.

दुपारी १:००

जेवण. खालचे वर येत नाहीत. शिडी चढायची, पुन्हा उतरायची, त्यात वीस मिनिटं जातात आणि सुट्टी एका तासाची. शिवाय खाली भिंतीच्या सावलीत गारवा आहे. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मालद्याच्या दोघांकडे भात आणि बटाटा. वर पत्रे तापलेत, हात लावता येत नाही.

मामा जेवून यारीच्या गोष्टी सांगतात. विहिरीचं काम फुटावर असायचं. वर यारी, खाली चार माणसं. "खाली मानूस असला की यारीवाल्यानं तंबाखू मळायची न्हाई," हे त्यांच्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलेलं. मामांनी तंबाखू सोडली नाही. पण बटण हातात असताना ती कधी त्यांच्या हातात दिसली नाही.

२:०५

क्रेन हलवायची. खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूने राफ्टची सळई उतरवायची आहे.

क्रेनच्या मागच्या पायांवर आठ पोती ठेवलेली असतात, वाळूने भरलेली, प्रत्येकी पन्नास किलोची. एकूण चारशे किलो. समोर लटकलेल्या भाराला ही पोती मागून तोलतात. ती नसतील तर क्रेन बकेटसकट खड्ड्यात जाईल. हुक रिकामा करून वर बांधून ठेवल्याशिवाय पहिलं पोतं हलवायचं नाही. नव्या जागी आठवं पोतं बसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

पोती उचलतात दोघी ताई. दोघींनी मिळून एक. कान धरून, पाय फाकवून, काठापासून दूरच्या बाजूने तीस पावलं. ठेवून पुन्हा मागे. आठ वेळा. ऊन डोक्यावर. चौथ्या पोत्याला धाकट्या ताईंनी पदर पुन्हा खोचला. मामा आणि पोरगा बोल्ट काढतायत. सांगाडा, खांब, हात, मोटर. मोटर एकटीच नव्वद किलोची, ती चौघांनी उचलली. सगळं पुन्हा जोडायला पाऊण तास लागला. फळ्या लेव्हलमध्ये बसवायला त्यातली दहा मिनिटं.

पोती ठेवून झाल्यावर थोरल्या ताईंनी प्रत्येकावर पाय देऊन बघितलं, हलतं का. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. क्रेन त्या पोत्यांवर उभी राहते आणि खालची माणसं त्या क्रेनवर. हजेरीवहीत मात्र हे काम "हेल्पर" या नावाखाली जातं आणि त्याचे ५०० होतात. मला हे अजिबात पटत नाही आणि मी ते मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, सगळीकडे हाच रेट आहे. ते खरंही आहे.

३:१५

सळई. सोळा मिलिमीटरची, सहा मीटरचे तुकडे. एका तुकड्याचं वजन साडेनऊ किलो. वीस तुकड्यांचा एक भारा, १९० किलो. भाऱ्याला दोन ठिकाणी पट्टा, मध्यापासून सारख्या अंतरावर. एकाच पट्ट्यावर टांगला तर भारा एका बाजूला कलतो आणि मधली सळई भाल्यासारखी सुटून खाली जाते. टोकाला एक दोरी बांधलेली, ती पोरग्याच्या हातात. भारा फिरायला लागला की तो दोरीने सरळ करतो.

पोरगा एकोणीस वर्षांचा. कमरेला पट्टा नाही, पूर्ण अंगाचा हार्नेस आहे, खांद्यापासून मांड्यांपर्यंत. त्याचे दोन हुक आहेत. एक काढायच्या आधी दुसरा रेलिंगमागच्या पाइपला लावायचा. उकाड्यात हार्नेस काचतो, मानेवर लाल वळ उठलेत. दुपारी एकदा त्याने तो काढला होता. मामांनी बटण बंद केलं आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्याने परत घातला.

हातमोजे तीस रुपयांना जोडी. सळईच्या कामात आठवडाभर टिकतात. दर जोडीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

अकरा भारे उतरले.

४:४०

आभाळ भरून आलं आणि दहा मिनिटांत वळीव कोसळला. मामांनी पहिल्या वाऱ्यालाच भारा खाली टेकवला, हुक वर घेतला, पॅनेलचा मेन पाडला. ओल्या केबलवर काम नाही. "चला, वर!" आण्णांनी एकेकाला शिडीवर घातलं. ओल्या शिडीवर गमबूट घसरतो, म्हणून सावकाश. ब्रेकरवाले सगळ्यांत आधी, आण्णा सगळ्यांत शेवटी. काठावरून लाल पाणी खड्ड्यात वाहतंय. तिपाई खालीच राहिली.

५:२०

पाऊस थांबला. तळाला घोटाभर पाणी, लिफ्टचा खड्डा पार भरलेला. पंप लावायचा. साहेबांनी डिझेल पंप खाली सोडायला सांगितला होता. मामा आणि आण्णा दोघेही एकदम नाही म्हणाले. डिझेलचा धूर तळात साठतो, त्याला वास असो-नसो, माणसाला गुंगी येते आणि उठता येत नाही. विहिरीत असे गेलेले दोघांनाही माहीत आहेत. विजेचा बुडता पंप शोधला, केबल सुकवली, पॅनेल तपासला. सहा वाजता पाणी ओढायला लागला. तो रात्रभर चालेल. एक माणूस मुक्कामाला, त्याला अर्धी हजेरी जादा.

६:१५

दोर आला. मुकादमाला गाडी मिळेना म्हणून मामांनी फोनवरच पोरग्याच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगितलं होतं. त्याचे १८० रुपये झाले, ते मामांनी दिले.

नवा दोर वेटोळ्यातून ओढून काढायचा नसतो, वेटोळं फिरवून सोडायचा असतो. ओढला की गाठीसारखा मुरगळतो आणि ती मुरगळ पुन्हा जात नाही. धाकट्या ताईंनी वेटोळं उभं धरून चाकासारखं फिरवलं, पोरग्याने टोक धरलं, मामांनी ड्रमवर वेढ्याला वेढा लावून घेतला. तीन क्लॅम्प. खोबण जिवंत दोरावर. रिकामा हुक तळापर्यंत, मग लिफ्टच्या खड्ड्यात, पाण्यात. मामांनी ड्रमवर बोट ठेवून वेढे मोजले आणि मान हलवली.

"सकाळी पैला भार उतरला की नट परत आवळायचे," त्यांनी पोरग्याला सांगितलं. "नवा दोर भारानं बारीक होतो. क्लॅम्प ढिले पडत्यात."

६:५०

हजेरी. मुकादम पत्र्याला टेकून वही उघडतो. आज गुरुवार, पैसे शनिवारी खर्चीला मिळतील, तेही सगळे नाहीत. पावसात गेलेला वेळ कापायचा की नाही यावर थोडी बोलाचाली झाली. आण्णा ठाम राहिले. कापला नाही. खांबावरच्या मामांच्या खडूच्या रेघा पावसाने पुसल्या होत्या, पण दुपारीच साहेबांनी त्यांचा फोटो काढला होता. दोन ब्रासला चार बकेटा कमी.

"रिक्षाचे एकशेऐंशी," मामा म्हणाले.

मुकादमाने मागच्या पानावर लिहिलं. मामांनी चष्मा लावून आकडा वाचला. थोरल्या ताई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि पिशवीतून दाखल्याचा कागद काढला.